गरम पाणी येतंय, पण ज्योत कुठल्या रंगाची आहे?

या आठवड्याचं पत्र कोल्हापुरातल्या फुलेवाडीहून आलं आहे. जरा आटोपशीर करून देते:

"नमस्कार ताई. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. बाथरूम लहान आहे, ४ बाय ६ चं. त्यातच गॅस गीझर बसवलाय, त्याला ७ वर्षं झाली. आजवर एकदाही सर्व्हिसिंग केलेलं नाही, कारण कधी बंदच पडला नाही. यंदा थंडी सुरू झाल्यापासून पाणी पूर्वीसारखं कडक होत नाही. नळ सोडला की आधी काही होत नाही, मग एकदम भप्प असा आवाज होऊन पेटतो. ज्योत पिवळसर दिसते. डास आणि गारवा आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर आम्ही प्लॅस्टिकचा कागद लावलाय. गेल्या महिन्यात माझ्या १४ वर्षांच्या मुलीला अंघोळ करताना दोनदा चक्कर आली, डोकंही दुखत होतं. सासूबाई म्हणतात, पोरगी उपाशीपोटी अंघोळीला जाते म्हणून होतंय, आणि गीझरपेक्षा आपला तांब्याचा बंबच बरा होता. माझे मिस्टर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मेंटेनन्सला आहेत. मेकॅनिकने सर्व्हिसिंगचे ६०० रुपये सांगितले, तर ते म्हणाले, 'चालतंय की! चालू मशीन कशाला उघडायचं?' ताई, दरवर्षी हा खर्च खरंच करायचा असतो का? की मीच उगाच घाबरतेय? आणि ७ वर्षांचा गीझर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?"

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही. तुमच्या एका पत्रात पिवळी ज्योत, उशिरा पेटणं, बंद खिडकी आणि मुलीची चक्कर या चारही गोष्टी एकत्र आल्या आहेत. म्हणून खर्चाचं आणि सर्व्हिसिंगचं नंतर बोलू. उद्या सकाळच्या अंघोळीचं आधी ठरवू.

गीझरचं कव्हर उघडून तो साफ होईपर्यंत अंघोळीसाठी एकदाही सुरू करू नका. पाणी शेगडीवर तापवा. चार-आठ दिवस पातेली उचलायचा त्रास होईल, तेवढा सोसा. खिडकीवरचा प्लॅस्टिकचा कागद आजच काढून टाका. गीझर दुरुस्त झाल्यावरही घरातल्या प्रत्येकानं एक सवय लावून घ्यायची: दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गीझर बंद करायचा, दोन मिनिटं वाफ बाहेर जाऊ द्यायची आणि मगच आत जाऊन कडी लावायची. कडी लावल्यावर आत ज्योत पेटलेली असता कामा नये. आपल्याकडे बहुतेक घरांत बादली-तांब्यानंच अंघोळ होते, त्यामुळे हे अवघड नाही. शॉवरखाली उभं राहून गीझर चालू ठेवायची सवय मात्र मुलांना असेल तर ती मोडा.

मुलीला डॉक्टरांकडे न्या. तिथं नुसती "चक्कर येते" एवढंच सांगू नका. "बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असताना चक्कर आली, डोकं दुखलं, बाहेर आल्यावर बरं वाटलं" असं पूर्ण वाक्य सांगा. या वयात हिमोग्लोबिन कमी असूनही चक्कर येऊ शकते, ते डॉक्टर तपासतीलच. पण गीझरचा उल्लेख झाला नाही तर डॉक्टरांच्या मनात तो विचार येईलच असं नाही. बाथरूममध्ये फीट आली म्हणून मिरगीची औषधं सुरू झाली आणि मागाहून कळलं की कारण गॅस गीझर होता, असे रुग्ण आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवून ठेवले आहेत.

आता हे होतं कसं ते सांगते. घरातल्या बाकीच्यांना पटवायचं काम तुमच्यावर आहे, आणि नुसतं "धोकादायक आहे" म्हटल्यानं कुणाला पटत नाही.

गॅस जळायला हवा लागते, हे सगळ्यांना माहीत असतं. किती लागते, हे फार थोड्यांना माहीत असतं. मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गीझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १ किलो एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे १० मिनिटांच्या अंघोळीला २ घनमीटर हवा गेली. तुमचं बाथरूम ४ बाय ६ चं, उंची ८ फूट धरली तर त्यात सगळी मिळून जेमतेम साडेपाच घनमीटर हवा मावते. दार बंद, खिडकीला प्लॅस्टिक, आणि एकापाठोपाठ एक तीन जण अंघोळीला गेले, तर तिसऱ्याच्या वाट्याला काय हवा उरली याचा हिशेब तुम्हीच करा. तुमची मुलगी कितव्या नंबरला अंघोळीला जाते, तेही एकदा आठवून बघा.

हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो दोन-तीन टक्क्यांनी उतरला तरी ज्योत अर्धवट जळायला लागते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीनं चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, गरगरणं, हातापायांतलं त्राण जाणं. बाहेर पडावं हे कळत असतं, पण उठून कडी काढायची ताकद राहिलेली नसते. दर हिवाळ्यात गॅस गीझरमुळे बाथरूममध्ये मृत्यू झाल्याच्या बातम्या येतात, त्यात बरेचदा माणूस दाराच्या आतच सापडलेला असतो, तो यामुळे.

इथं एक मोठा गैरसमज आहे. "गॅसचा वास आला असता तर कळलं असतं की," असं लोक म्हणतात. आपल्याला येतो तो वास न जळलेल्या एलपीजीचा, आणि तोही गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. जळून गेल्यावर तो वास उरत नाही. म्हणजे गळती आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन वेगवेगळे धोके आहेत. गळती नाकाला कळते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो. तेव्हा रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, विजेच्या एकाही बटणाला हात लावायचा नाही आणि घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. दुसरा धोका मात्र नाकाला कधीच कळत नाही. तो ओळखायला घरात आपल्याकडे मुख्य खूण एकच, ज्योतीचा रंग.

आता तुमच्या यजमानांच्या "चालतंय की"कडे येते. ते मेंटेनन्सचे माणूस आहेत, त्यामुळे त्यांना समजावणं खरं तर सगळ्यात सोपं आहे. फक्त बोलणं त्यांच्या धंद्यातलं हवं. रात्री जेवण झाल्यावर, मुलं झोपल्यावर शांतपणे विचारा: "अहो, तुमच्याकडे लॅडल, म्हणजे ते वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, तापवायच्या बर्नरची ज्योत पिवळी होऊन काजळी धरायला लागली, तर तुम्ही काय करता?" ते म्हणतील, हवा वाढवतो, नोझल काढून साफ करतो. मग त्यांना बाथरूममध्ये नेऊन गीझरच्या कव्हरमधली छोटी खिडकी दाखवा. ज्योत दाखवण्यापुरताच गीझर पेटवायचा, तोही दार-खिडकी उघडी ठेवून, अर्धा मिनिट. फाउंड्रीतल्या इंडक्शन भट्टीचं अस्तर फुटून लोखंड बाहेर येईपर्यंत कुणी थांबत नाही. अस्तर किती झिजलं ते बघतात, तारीख लिहून ठेवतात, वेळ झाली की भट्टी बंद करून नवं भरतात. भट्टी "चालत" असतानाच हे सगळं करतात. उद्यमनगर आणि शिरोलीतल्या माणसांना मी हे शिकवायची गरज नाही, ती आयुष्यभर हेच करत आली आहेत. घरातला गीझर ही पण एक भट्टीच आहे, आणि तिच्या समोर आपली पोरं उघड्या अंगानं बसतात, एवढंच त्यांच्या लक्षात आणून द्यायचं.

"चालू मशीन कशाला उघडायचं" यालाही उत्तर आहे. गीझर बंद पडत नाही, म्हणूनच तो फसवा आहे. मिक्सर बिघडला की थांबतो. गीझर बिघडत गेला तरी पाणी गरम देतच राहतो. आत काय होतं ते सांगते. ज्योतीच्या वर तांब्याच्या पातळ पत्र्यांची चळत असते. एकमेकींना लागून उभ्या पट्ट्या, मधे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट. जळालेला धूर या फटींतून वर जातो आणि जाता जाता पट्ट्यांना उष्णता देतो. बर्नरच्या भोकांत धूळ, कोळिष्टक, गंज बसला की हवा कमी मिसळते आणि ज्योत पिवळी पडते. पिवळ्या ज्योतीची काजळी या फटींत बसते. फट अरुंद झाली की धूर वर जाईनासा होतो, तो अडला की नवी हवा खालून ओढली जात नाही, आणि ज्योत आणखी पिवळी होते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. काजळीचा थर तांब्यापर्यंत उष्णता पोचू देत नाही, म्हणून तुमचं पाणी पूर्वीसारखं कडक होत नाही. गॅस मात्र तेवढाच जळतो, आणि पाणी हवं तसं तापेना म्हणून आपण नळ आणखी बारीक करून गीझर जास्त वेळ चालवतो. सिलिंडर लवकर संपायला लागला असेल तर तेही यातच आलं.

भप्प आवाजाचं कारण पण बहुतेक इथंच सापडेल. नळ सोडल्यावर गॅस सुटतो, पण ठिणगी कमजोर असेल किंवा बर्नरच्या तोंडाशी कचरा असेल, तर पेटायला उशीर होतो. तेवढ्यात गॅस साचतो आणि एकदम पेट घेतो. कधी नुसत्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात. पण पिवळी ज्योत सोबत असताना बॅटऱ्या बदलून समाधान मानू नका.

आता तो ६०० रुपयांचा मेकॅनिक. पैसे देण्याआधी तो काय करणार आहे ते विचारून घ्या. कारण बॅटऱ्या बदलायच्या, बाहेरून फडकं मारायचं आणि पाच मिनिटांत निघायचं, यालाही काही जण सर्व्हिसिंग म्हणतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलवा आणि यजमानांना सुट्टी असेल त्या दिवशी बोलवा. त्यांची नजर तयार आहे, त्यांच्यासमोर काम नीट होईल. कव्हर उतरलं पाहिजे. बर्नर बाहेर काढून ब्रशनं साफ झाला पाहिजे. नोझलची, म्हणजे गॅस सुटायच्या तोंडाची, भोकं सुई घालून मोठी करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. भोक मोठं झालं की गॅस जास्त सुटतो आणि हवेचं गणित कायमचं बिघडतं. तांब्याच्या पट्ट्यांमधली काजळी खालून-वरून निघाली पाहिजे. खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवा. सात वर्षांत काय साठलंय ते कागदावर पडेल, तेव्हा यजमानांना वेगळं सांगावं लागणार नाही.

पाण्याच्या बाजूचं कामही तेवढंच महत्त्वाचं. पाणी आत शिरतं तिथं बारीक जाळी असते. आपल्याकडे पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला की नळाला गढूळ पाणी येतं, ते सगळं या जाळीत अडकतं. घरात बोअरचं पाणी वापरत असाल तर तांब्याच्या नळीत आतून क्षार धरतात, ते ॲसिडच्या सौम्य द्रावणानं काढावे लागतात. अशा घरी वर्षातून दोनदा सर्व्हिसिंग करावं असं मी सांगेन. आणि एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाण्याचा दाब आला की हा पडदा गॅस उघडतो, दाब गेला की बंद करतो. सात वर्षांत रबर कडक झालेलं असणार. ते बदलायला सांगा. ते चिकटलं तर नळ बंद केल्यावरही ज्योत पेटलेलीच राहते.

काम झाल्यावर तुम्ही स्वतः तीन गोष्टी बघा. ज्योत निळी आणि ठाशीव कडांची हवी. नळ बंद केल्याबरोबर ती विझली पाहिजे. आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे येता कामा नयेत. गॅसची नळी नारिंगी रंगाची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा होज असते, तिच्यावर तारीख छापलेली असते. तिची मुदत ५ वर्षं. तुमची नळी गीझरबरोबरच आली असेल तर मुदत कधीच संपली, ती लगोलग बदला. शेगडीच्या सिलिंडरला टी-जोड लावून गीझरला गॅस दिला असेल, तर तेही काढायला सांगा. हे गावठी जोड मला अजिबात मान्य नाहीत. सिलिंडर बाथरूममध्ये ठेवला असेल तर तोही बाहेर हलवा.

पण हे सगळं झालं तरी तुमच्या घराचा मूळ दोष तसाच राहतो. गीझर बाथरूमच्या आत आहे. तो बाहेर हवा. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत गीझर मोकळ्या हवेत बसवायला सांगितलेलं असतं, पण बसवणारा सोयीची भिंत बघतो आणि आपण पुस्तिका टीव्हीखालच्या कप्प्यात टाकतो. गॅलरीत, मागच्या पॅसेजमध्ये, बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, कुठंही उघड्यावर लावा आणि नुसती गरम पाण्याची नळी आत घ्या. वरून पत्र्याची छोटी टोपी करून घ्या, म्हणजे आपल्याकडची पावसाची झड आणि वारा थेट ज्योतीवर येणार नाही. याला सर्व्हिसिंगपेक्षा जास्त खर्च येईल, पण तो एकदाच. हा खर्च टाळू नका असं मी तुम्हाला हात जोडून सांगते. पेठांमधल्या जुन्या घरांत बाथरूमची खिडकी चार इमारतींच्या मधल्या बोळकांडीत उघडते, तिथं मोकळी हवा नसतेच. अशा घरांनी गॅस गीझरचा नाद सोडून विजेचा घ्यावा.

एक्झॉस्ट फॅन लावला की झालं, असं कुणी सांगेल. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दाराखाली फट नसेल तर नवी हवा येणार कुठून? उलट बंद खोलीत तो गीझरचा धूरही खाली ओढू शकतो. फॅन असू द्या, पण त्याच्या भरवशावर कडी लावून गीझर चालवू नका. कार्बन मोनॉक्साइड ओळखून वाजणारी यंत्रं हल्ली घरासाठी मिळतात. घेणार असाल तर बाथरूमच्या आत वाफेत न लावता दाराबाहेर, तोंडाच्या उंचीला लावा.

सासूबाईंच्या बंबाबद्दल. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांच्या काळात बंब परड्यात पेटायचा. शेणी, चिपाडं, लाकडं घातली की धूर मोकळ्या हवेत जायचा, आणि गरम पाणी बादलीनं आत यायचं. विस्तव बाहेर आणि माणूस आत, ही त्या व्यवस्थेतली शहाणपणाची गोष्ट होती, आणि मी तुम्हाला आत्ता तेच करायला सांगतेय. त्यांना हे असंच सांगा, त्या तुमच्या बाजूनं उभ्या राहतील. मात्र बंब आता चार भिंतींच्या आत, फ्लॅटच्या बाथरूममध्ये किंवा बंद गॅलरीत पेटवायचा नाही. कोळशाचा निखारा गॅसपेक्षाही जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतो. तीच गोष्ट थंडीत खोलीत ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीची. बाळंतिणीच्या खोलीत दार लावून निखारे ठेवायची रीत अजून काही घरांत आहे, तिथं तर कृपा करून एक खिडकी उघडी ठेवा.

दरवर्षी करायचं का, तर हो, दरवर्षी. वेळ कोणती, हे मी तुम्हाला आपल्या सणांवरून सांगते. गीझरवर वर्षातला सगळ्यात जास्त ताण नरक चतुर्दशीच्या पहाटे येतो. अंधारात सगळं घर उठलेलं, उटणं लावून एकापाठोपाठ एक अंघोळी, पाहुणे आलेले, गारव्यानं दारं बंद. त्याच्या आधी काम झालेलं हवं. खंडेनवमीला तुमचे यजमान कारखान्यातली यंत्रं पुसून, तेल घालून पूजतात ना? घरचा गीझर त्याच आठवड्यात उघडायचा. काम झाल्यावर मार्करनं कव्हरच्या कडेला तारीख लिहायची, म्हणजे पुढच्या वर्षी "मागच्या वेळी कधी केलं होतं?" हा वाद होणार नाही. यंदा मात्र पुढच्या खंडेनवमीची वाट बघायची नाही, हे वेगळं सांगायला नको. ज्यांच्या तळमजल्यावर २०१९ किंवा २०२१ च्या महापुराचं पाणी आलं आणि गीझर, रेग्युलेटर पाण्यात बुडून नंतर नुसते वाळवून वापरात आले, त्यांनीही ते एकदा तपासून घ्यावेत.

आणि कधी आत गेलेलं माणूस हाकेला ओ देईना झालं, तर काय करायचं तेही घरात सगळ्यांना माहीत असू द्या. दार उघडा किंवा तोडा, श्वास रोखून त्याला ओढत मोकळ्या हवेत आणा, गीझर बंद करा, १०८ ला फोन करा. श्वास चालत नसेल तर येणारी मदत पोचेपर्यंत छाती दाबत राहा. आपल्या सीपीआर रुग्णालयात न्या किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या दवाखान्यात, पोचल्या पोचल्या "गॅस गीझर" हे दोन शब्द पहिले उच्चारा. कारण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथं फसतं. त्याला प्राणवायू चिकटलेलं रक्त आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त सारखंच दिसतं, आकडा ९८ दाखवतो आणि माणूस आत गुदमरत असतो. रक्ताची वेगळी तपासणी करावी लागते. नुसत्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला की तेच काम तास-दीड तासात होतं. म्हणून वाट न बघता दवाखाना गाठायचा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, दुरुस्त की नवा. कव्हर उघडल्यावर तांब्याच्या नळीतून पाणी झिरपताना दिसलं, बर्नर गंजून त्याला भोकं पडली असली किंवा तांब्याच्या पट्ट्या जळून वाकल्या असल्या, तर त्यावर एक रुपयाही घालू नका, तो भंगारात द्या. हे काहीच नसेल तर साफसफाई, नवा डायफ्रॅम आणि नवी नळी घालून तो आणखी काही वर्षं चांगला चालेल, बाहेर बसवल्यावर. नवा घ्यायचा ठरला तर आयएसआय मार्क बघा. नळ चालू राहिला तरी २० मिनिटांनी आपोआप बंद होणारा आणि ज्योत विझली की गॅस तोडणारा घ्या. बाहेर लावायला जागाच नसेल तर १५ लिटरचा विजेचा गीझर घ्या, पण आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. त्यालाही वर्षातून एकदा उघडावं लागतं, आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह क्षारानं जाम होतो. मुलीचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला जरूर कळवा.